श्रीमती कोण? सीमाभागातल्या एका सभासद-यादीचं प्रकरण

सर्वसाधारण सभेची नोटीस वाटायला शिपाई सकाळी दहाला निघाला आणि साडेबाराला परत आला. पिशवीत सतरा पाकिटं तशीच. पत्ते बरोबर होते, घरात माणसंही होती. पहिल्याच गल्लीत एका सासऱ्यानं पाकिटावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "माझा ल्योक जिता हाय की वो. हे काय लिवून आणलायसा?" सुनेच्या नावाआधी छापलं होतं, 'श्रीमति'.

संस्था म्हणजे महिलांची पतसंस्था. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका मोठ्या गावातली, कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली. सभासद ६४०. नवरा हयात असलेल्या ४५५, विधवा ११८, अविवाहित ६७. (हे कुठल्या एका संस्थेचं प्रकरण नाही. सीमाभागात पुन्हा पुन्हा घडणारे प्रसंग एका जागी बसवले आहेत आणि आकडे हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. कायदे, सालं आणि शब्दांच्या गोष्टी मात्र जशाच्या तशा.)

संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले. नवरा असलेल्या बायकांचे, त्यांच्या सासवांचे, दोन-चार नवऱ्यांचेही. ११८ विधवांपैकी एकीचाही नाही. हे कुणाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, आणि पुढचं सगळं तिथूनच फिरलं.

चूक नेमकी कुठं

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यायची, म्हणजे पावसाळ्यात नोटिशीची धावपळ. ऑडिट आणि सहकार खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये, म्हणून सभासदांची मूळ यादी कन्नडमध्ये. निम्म्याहून जास्त सभासद मराठी वाचणाऱ्या, म्हणून पाकिटावरचं लेबल मराठीत. यादी पुन्हा टाईप करण्यापेक्षा लिपी बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. चोवीस लेबलांचा ए-फोर कागद धरला तर ६४० नावांना २७ कागद लागतात. सगळं काम पाऊण तासात झालं.

लिपी बदलणारं सॉफ्टवेअर अक्षरं बदलतं, रिवाज बदलत नाही. कन्नडमध्ये लग्न झालेल्या कुठल्याही बाईच्या नावाआधी 'श्रीमति' लावतात. तिथं बायकोलाच 'नम्म श्रीमतियवरु' म्हणतात, हिंदीतही तेच. मराठीत नवरा हयात असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती' किंवा 'गं. भा.', लग्न व्हायचं असेल तर 'कु.'. तेव्हा कन्नडमधल्या ५७३ 'श्रीमति' मराठीत उतरल्या आणि त्यातल्या ४५५ जणी कागदावर एका दुपारीत विधवा झाल्या.

या घोटाळ्याची खूण बारीक आहे, पण हमखास सापडते. कन्नडमधली 'ति' ऱ्हस्व, मराठीतली 'ती' दीर्घ. मराठी मजकुरात 'श्रीमति' दिसली की समजावं, हे लिहिलेलं नाही, लिपी बदलून आणलेलं आहे. सीमाभागातल्या पत्रिका, फलक, अहवाल यांचं प्रूफ वाचताना आधी ही एक वेलांटी बघावी.

मग दुरुस्ती सुरू झाली आणि चूक वाढली. कारकुनानं 'शोधा आणि बदला' वापरून 'श्रीमति'च्या जागी सगळीकडे 'सौ.' केलं. आता ११८ विधवांच्या नावाआधी 'सौ.' आलं. ते गेलं असतं तर सासऱ्याच्या रागापेक्षा वाईट झालं असतं. राग निदान बोलून दाखवता येतो. ती पाकिटं निघायच्या आत थांबली. परत फिरवताना घाईत टिंब सुटलं: 'सौ'च्या जागी 'श्रीमती'. मग सौंदलगा गावच्या सभासदांचा पत्ता झाला 'श्रीमतींदलगा', यल्लम्माच्या डोंगराचं गाव 'श्रीमतींदत्ती' आणि खाली संस्थेचं नाव 'श्रीमतीहार्द सहकारी'. हसण्यासारखं आहे, पण यात खरा दोष दिसतो. उपाधी, नाव आणि गाव एकाच रकान्यात कोंबलेलं असेल तर हे होणारच.

शब्द कुठून कुठं आला

'श्रीमती' म्हणजे श्री जिच्याकडे आहे ती. श्री म्हणजे वैभव, शोभा, लक्ष्मी. ज्या 'श्रीमत्'पासून हा शब्द निघाला त्यापासूनच आपला 'श्रीमंत'. एका शब्दाची दोन लेकरं. पुरुषाच्या वाट्याला आलेलं पेशव्यांच्या नावाआधी जाऊन बसलं आणि पुढं पैसेवाल्याचं विशेषण झालं. बाईच्या वाट्याचं मराठीत पांढऱ्या कपाळाची खूण झालं.

ते का झालं याचं उत्तर व्युत्पत्तीत नाही, कामाच्या वाटणीत आहे. 'सौ.' ही एक पेटी तयार झाली की उरलेल्यांसाठी दुसरी पेटी लागते. त्या पेटीवर जो शब्द चिकटवाल तो खाली जातो, मूळ अर्थ कितीही उंच असो. 'गंगाभागीरथी' याहून पवित्र काय असणार? दोन्ही नावं नदीची, तीही गंगेची. तरी 'गं. भा.' वाचल्यावर कुणाला नदी आठवत नाही. त्यातून वाचणाऱ्याच्या डोळ्याला सवय लागते ती वर्तमानपत्रातून. 'चि. सौ. कां.' लग्नपत्रिकेत भेटते, 'श्रीमती' बहुतेक वेळा निधनवार्तेच्या रकान्यात.

म्हणून शब्दाला नुसतं सजवून भागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला. टीका झाल्यावर तो केवळ चर्चेतला प्रस्ताव आहे, निर्णय नाही, असा खुलासा आला. हेतू मानाचा असेलही. पण मान फक्त त्यांनाच द्यायचा ठरला, आणि 'फक्त त्यांनाच' हीच तर अडचण. याच्या उलट दिशेचं काम सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडनं नवा शब्द शोधला नाही. वेगळं काढण्याची क्रियाच थांबवायचं ठरवलं.

बाहेरच्या भाषांतही टिकलेला मार्ग हाच दिसतो. जर्मनमध्ये अविवाहितेसाठी 'फ्रॉइलाइन' आणि विवाहितेसाठी 'फ्राउ' होतं. पश्चिम जर्मनीच्या गृहखात्यानं १९७२ मध्ये सरकारी कागदांतून पहिला शब्द काढला आणि दुसरा सगळ्यांना दिला. फ्रान्सनं २०१२ मध्ये 'मादमुआझेल'ला सरकारी फॉर्ममधून रजा दिली, 'मादाम' सगळ्यांची झाली. इंग्रजीनं 'मिस' आणि 'मिसेस' यांच्यामध्ये 'मिझ' हा तिसरा शब्द उभा केला. तो मान्य व्हायला पिढी गेली, न्यूयॉर्क टाइम्सनं तो १९८६ मध्ये घेतला. घरातला जुना शब्द रुंद करणं नवा आणण्यापेक्षा सोपं असतं. सीमाभागाला तर ते आणखी सोपं, कारण रुंद अर्थ शेजारच्या भाषेत आयता आहे. भिंतीपलीकडच्या कन्नड घरात 'श्रीमति' म्हणजे नांदती बाई. मराठी घरात तोच शब्द ऐकून कपाळावर हात जातो.

संस्थेनं काय केलं

संचालक मंडळासमोर दोन वाटा होत्या. ४५५ लेबलं 'सौ.' करून नव्यानं छापायची. खर्च नगण्य, १९ कागद. नाहीतर आहे ते तसंच ठेवून शब्दाचा अर्थ रुंद करायचा. पहिल्या वाटेनं गेलं तर त्या ११८ पुन्हा वेगळ्या पडणार होत्या. त्यांच्यातल्या एका संचालिकेनं बैठकीत एवढंच सांगितलं: "पैल्यांदाच माझं पाकीट वैनीच्या पाकिटासारखं आलं." दुसरी वाट ठरली, पण यंदाच्या नोटिशीसाठी नाही. यंदा माफीची चिठ्ठी जोडून बिनउपाधीची नावं गेली आणि बदल पुढच्या वर्षावर टाकला. हे शहाणपणाचं. चूक झाकायला तत्त्व पुढं केलंय असं एकदा लोकांना वाटलं की ते तत्त्व कायमचं बाद होतं.

वर्षभरात यादी मोडून पुन्हा बांधली. रकाने असे: सभासद क्रमांक, मराठी उपाधी, कन्नड उपाधी, नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, फोन, नोटिशीची भाषा. उपाधीचे दोन रकाने वेगळे, कारण उपाधीची लिपी बदलायची नसते, तिथं त्या त्या भाषेतला शब्द हातानं बसवायचा असतो. उपाधी नावाच्या रकान्यातून बाहेर काढल्याचा आणखी एक फायदा झाला. आधारवर नाव बिनउपाधीचं असतं, आणि खात्यावर 'सौ.' नावाचाच भाग म्हणून चढलं असेल तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. वैवाहिक माहिती पुसली नाही. वारसनोंदीला ती लागते, म्हणून ती वारसाच्या फॉर्मवर राहिली, पाकिटावर नाही. विधवा वेतनाच्या अर्जालाही नवऱ्याचा मृत्यूदाखला लागतो, नावाआधीच्या 'श्रीमती'नं तिथं काही सिद्ध होत नाही.

यादीचा क्रमही बदलला. आधीच्या मराठी यादीत 'सौ.' वर, मग 'कु.', तळाशी 'श्रीमती' अशी उतरंड होती. आता सभासद क्रमांकाप्रमाणे.

खरी मेख मात्र सुरुवात कुणी करायची यात होती. अकरा संचालिका, त्यातल्या नऊ 'सौ.'. विधवांना 'श्रीमती' म्हणून काहीच बदलत नाही, त्या आधीपासूनच होत्या. 'सौ.' असलेल्या बाईनं आपणहून 'श्रीमती' घेतली तरच शब्द हलतो. पतसंस्थेत हे समजावायला फार वेळ लागला नाही. कर्जाला जामीन ज्याची पत आहे त्याचाच चालतो, ज्याला कर्ज हवंय त्याचा नाही. कार्यालयातल्या फलकावर अकराही नावं 'श्रीमती'नं रंगवून घेतली आणि नोटिशीच्या आधी तीन महिने तशीच राहू दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी अध्यक्षीणबाईंचं नाव वाचलं. त्यांच्या नवऱ्याला रोज बाजारात बघणाऱ्यांनी वाचलं. चार जणींनी विचारलं, चाळिसांना उत्तर पोचलं.

नोटिशीसोबतची चिठ्ठी चार ओळींची ठेवली:

"या वर्षापासून संस्थेच्या कागदांवर सर्व महिला सभासदांच्या नावाआधी 'श्रीमती' असेल. पती असणे वा नसणे याच्याशी त्याचा संबंध नाही. पती हयात असो वा नसो, कन्नडमध्ये हा शब्द असाच वापरतात. ज्यांना नको असेल त्यांनी सभासद क्रमांक कळवावा, नाव उपाधीशिवाय छापू."

व्युत्पत्ती चिठ्ठीत घातली नाही. श्री म्हणजे लक्ष्मी हे सांगायचा मोह होतो, पण दारात उभ्या सासऱ्याला संस्कृत शिकवून राग उतरत नाही. उदाहरणानं उतरतो. शिपायाला दोन वाक्यं पाठ करून दिली होती: प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या, तेव्हा त्यांचे यजमान हयात होते, तरी सरकारी कागदावर त्या श्रीमतीच. आणि आपल्या अध्यक्षीणबाईंचं नाव फलकावर बघून या.

चौथ्या ओळीवर मंडळात सर्वांत जास्त वाद झाला. 'सौ.' मागणाऱ्यांना 'सौ.' का द्यायचं नाही? कारण निवड खुली ठेवली आणि चारशे जणींनी 'सौ.' घेतलं, तर उरलेल्या 'श्रीमती' कोण हे पुन्हा सांगावं लागणार नाही. म्हणून पर्याय दोनच: 'श्रीमती' किंवा काहीच नाही. हे काहींना जुलमाचं वाटलं, आणि त्यांचं अगदीच चूक म्हणता येत नाही. 'सौ.' ही कुणासाठी चाळीस वर्षांच्या संसाराची कमाई असते. त्यावर उत्तर एवढंच होतं, की घरच्या लग्नपत्रिकेत तुमचं काय छापायचं ते तुम्ही ठरवा, संस्थेच्या कागदावर सगळ्या सभासद सारख्या. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींनी मात्र 'श्रीमती'ला नाक मुरडलं आणि बिनउपाधीचं नाव घेतलं. ते बरंच झालं, कारण त्यांच्यामुळे कोरी जागा हीही कशाची खूण उरली नाही.

शब्द परत घसरतो तो कुठून

छापील शब्द बदलला तरी वेगळं काढायची सवय दुसरी दारं शोधते. ती दारं आधीच माहीत असलेली बरी.

पहिलं दार मधल्या नावाचं. उपाधी सारखी झाल्यावर कुणीतरी नवऱ्याच्या नावाआधी 'कै.' घालायला सुरुवात केली, लिंगायत घरांच्या कन्नड नावांत 'लिं.', म्हणजे लिंगैक्य. झालं, पुन्हा तीच वाटणी, फक्त एक शब्द पुढं सरकली. मधल्या नावाच्या रकान्यात कसलीच उपाधी चालणार नाही असं बंधन घालावं लागलं.

दुसरं, संक्षेप. ६४ मिलिमीटर रुंदीच्या लेबलावर 'श्रीमती' आणि तीन शब्दांचं नाव एका ओळीत बसत नाही, म्हणून छपाईवाला 'श्रीम.' सुचवतो. सरकारी याद्यांत ते चालतंही. निदान पहिली दोन वर्षं ते टाळावं, अक्षराचा आकार एक पॉइंट कमी करावा किंवा आडनाव दुसऱ्या ओळीत घ्यावं. 'सौ.' आणि 'गं. भा.' टिंबात मिटून अर्थ हरवून बसले, फक्त खूण उरली. पूर्ण शब्द डोळ्यासमोर राहिला तर निदान वाचला जातो.

तिसरं दार आवाजाचं. सभेत नावं पुकारणारी बाई बक्षीसपात्र सभासदांना 'श्रीमती' म्हणताना काही नावांशी आवाज खाली घेते. हे छापता येत नाही आणि दुरुस्तही होत नाही. यादीत वैवाहिक माहिती नसलेली प्रत तिच्या हातात द्यावी आणि शेजारच्या गावची बाई पुकारायला बोलवावी. कोण कोण आहे हेच तिला माहीत नसतं.

जाहिरातींची पानं मात्र सोडून द्यावीत. अहवालात शुभेच्छुकांनी पैसे देऊन छापलेल्या 'सौ.'शी भांडण्यात अर्थ नाही.

सर्वांत अवघड संक्रांतीचा कार्यक्रम निघाला. नोटिशीवर सगळ्या श्रीमती आणि दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी असलेली कार्यकर्ती कपाळ बघून कुणाला लावायचं ते ठरवते. कागदावर वर्षभरात कमावलेलं या ताटापाशी पाच मिनिटांत जातं, कारण शब्दाचा अर्थ शेवटी माणसं काय करतात त्यावर ठरतो. मग ताटच काढलं. हळद, कुंकू, तिळगूळ आणि अबोलीचे गजरे एका टेबलावर मांडले, शेजारी आरसा. जिला जे हवं ते तिनं घ्यावं, स्वतः लावावं. वाण सभासद क्रमांकाप्रमाणे खिडकीतून, पावतीवर सही घेऊन. पहिल्या वर्षी बऱ्याच विधवा टेबलापर्यंत आल्या नाहीत, वाण घेऊन निघून गेल्या. काहींनी नुसता गजरा उचलला. निमंत्रणातला 'सौभाग्यवतींनी अगत्य यावे' हा साचा बदलून 'सभासद भगिनींनी यावे' केलं, तेही छापखान्यात जुना मजकूर तयार असल्यामुळे एकदा परत आलंच. प्रूफ बघताना हे वाक्य शोधून बघावं.

एक कागद अजून ठरलेला नाही. सभासद गेली की सभेत शोकठराव होतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी घरची माणसं 'कै. सौ.' मागतात. अहेवपणी मरण आलं, सवाष्ण गेली, याचा त्यांना आधार असतो. नियमाप्रमाणे 'श्रीमती' लिहिलं तर त्या घराला तो शेवटचा अपमान वाटतो. 'सौ.' लिहिलं तर त्याच ठरावात खालच्या ओळीतली दुसरी बाई पुन्हा उघडी पडते. तूर्त शोकठरावात फक्त नाव, गाव आणि सभासद क्रमांक लिहितात. ठरावाची प्रत घरी गेल्यावर मुलानं पेनानं 'सौ.' घातलं, तर त्याला कुणी काही म्हणत नाही.